कॉम्प्युटर थोरल्याचा, डबा धाकट्याचा

वाटणीत थोरल्याने एकच वस्तू मागितली, आईचा कॉम्प्युटर. कपाटं, भांडी, पलंग धाकट्याने खुशाल न्यावेत. एवढं मन मोठं व्हायला कारण होतं. भावजय म्हणाली होती, "दादा, आई माइकसमोर बसून तुमच्यासाठी काहीतरी बोलल्यात. मी नुसतं रेकॉर्डिंग चालू करून बाजारात गेले होते. आम्ही ऐकलं नाही, ते तुमचं आहे." आई गेली त्याआधी वर्षभर थोरला तिच्याकडे फिरकला नव्हता. आता तिने शिव्या घातल्या असल्या तरी त्याला त्या ऐकायच्या होत्या.

थोरल्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. लोकांना शिकवून शिकवून आपल्याला सगळंच कळतं, अशी त्याची खात्री झालेली. वाटणीचा कागदही त्यानेच लिहिला: कॉम्प्युटर थोरल्याचा, कीबोर्ड, माउस, स्पीकर आणि टेबलाखालचा डबा धाकट्याचा.

धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा आणि बेताचं बोलायचा. त्याने कागद दोनदा वाचला.

"दादा, डबा नक्की मला?"

"घे रे. मी कधी हात आखडता घेतलाय का?"

धाकट्याने सही केली.

टेबलावरचा चकचकीत पडदा, म्हणजे थोरल्याच्या मते अख्खा कॉम्प्युटर, त्याने चादरीत गुंडाळून घरी नेला आणि वायर लावली. पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढे दोन शब्द उमटले आणि सगळं काळंठिक्कर झालं. त्याने मागून थोपटलं, पुढून थोपटलं. मग त्याचं टाळकंच सरकलं आणि त्याने धाकट्याला फोन लावला.

"आईचं बोलणं पुसलंस ना? लाज कशी वाटली नाही तुला?"

"कुणी काही पुसलं नाही. तू नेलास तो नुसता पडदा. आई डब्यात आहे, दादा."

थोरल्याने पडद्याकडे पाहिलं. "मग डबा पाठवून दे."

"डबा माझा. कागदावर आहे, तुझ्याच अक्षरात. ऐकायचं तर पडदा घेऊन इकडे ये."

नाक मुठीत धरून थोरला गेला. धाकट्याने टेबलाखाली शिरून वायरी जोडल्या, भावजयीने स्पीकर लावले. आईचा आवाज आला तसा थोरला खुर्ची ओढून बसला.

"सुरू झालं वाटतं. थोरल्या, बोलायचं बरंच आहे रे. पण आज तू येतोयस ना, माउस शिकवायला? मग या यंत्राशी कशाला बोलू? समोरासमोरच बोलू. हे बंद कसं करायचं तेही तूच दाखव."

मग नुसती खुर्चीची करकर, थोडा खोकला. मधेच दाराची बेल वाजली. "आलास का?" आईची पावलं लगबगीने गेली, आणि सावकाश परत आली.

रेकॉर्डिंग दोन तासांचं होतं. धाकट्याने माउसवर हात ठेवला. "पुढे ढकलू?"

"नको," थोरला म्हणाला, आणि दोन तास तिथेच बसून राहिला.