तासभर पुढे लावलेलं घड्याळ

मी स्वयंपाकघरातलं घड्याळ बोलतोय. पोर्तो नावाचं नगर होतं. तिथे एर्मेलिंदा नावाची बाई राहायची, आबिलियो तिचा नवरा आणि ओतीलिया त्यांची एकुलती लेक. लेक कामासाठी लक्झेंबर्गला गेली, बापाला न विचारता गेली, म्हणून बापाने तिच्याशी बोलणं टाकलं. त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

एर्मेलिंदाने मला बाजारातून आणलं ते लेकीसाठीच. तिकडे वेळ तासभर पुढे, तशीच माझीही लावली. "आता सुटली असेल कामावरून," म्हणत ती सूप ढवळायची. इथली वेळ हवी असली की माझ्यातून एक तास वजा करायची.

लेकीला दिवस गेले. गुरुवारी सकाळी ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलं. पहिलंच बाळंतपण, आईने जवळ असायचा शब्द दिला. मंगळवारचं विमानाचं तिकीट आलं. आबिलियोने ते गुपचूप चाळलं. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस तो. जाताना दहाला सुटून दीडला पोचायचं, येताना दोनला सुटून साडेतीनला.

"जाताना चढ दिसतोय," तो म्हणाला, "येताना उतार."

"अहो, आकाशात कसला चढ? पंधराशे किलोमीटर, दोन्हीकडून अडीच तासच. तिची वेळ पुढे आहे."

तिची वेळ म्हटल्यावर त्याला झोंबलं. जेवतानाही तिचीच वेळ कशाला बघायची, असं पुटपुटत सोमवारी संध्याकाळी तो स्टुलावर चढला आणि माझे काटे तासभर मागे फिरवले. बायकोला सांगितलं नाही.

गजराचं घड्याळ तिने बॅगेत भरलेलं. मंगळवारी सकाळी तिने माझ्याकडे पाहिलं. आठ. तास वजा केला, सात. निवांत कॉफी प्याली, लेकीसाठी मक्याच्या पिठाचा पाव फडक्यात बांधला. मी ओरडू कसा?

दुपारी ती बॅग घेऊन परत आली. विमान गेलं होतं, पुढचं शुक्रवारी. अंगातला कोटही न काढता खुर्चीत बसली. आबिलियोने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघेही गुन्हेगार.

"लिंदा, काटे मी फिरवले."

ती रागावली नाही. "मग तिला तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाली.

फोन शेजारीच होता. त्याने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. "तोंडावर सांगतो," म्हणाला.

जवळजवळ दोन हजार किलोमीटर त्याने एकट्याने गाडी हाकली. बुधवारी संध्याकाळी लेकीच्या दारात उभा राहिला, तर "माझ्यामुळे तुझ्या आईचं विमान चुकलं," हेच त्याच्या तोंडून पहिलं निघालं. लेकीने त्याची टोपी काढून खुंटीला लावली. एर्मेलिंदा हे अजून शेजारणींना सांगते.

माझं मन मात्र खातं. खरी वेळ दाखवून मी एका आईला फसवलं. एवढंच विनवतो, घड्याळाला हात लावलात तर घरात सांगत जा.

बाकी देवाने चांगलं केलं. गुरुवारी नात झाली, धडधाकट. ऑगस्टमध्ये सगळी घरी येतात, तेव्हा आबिलियो तिला उचलून धरतो आणि तिच्या इवल्या हातून मला चावी देतो.