शेजारच्या खाटेवरचा माणूस

शेवट, टीव्हीवरचा

कप्तानीण डोळे उघडते. डोक्याला पट्टी. बोटीचा मेकॅनिक पांढरा कोट घालून तिची नाडी बघतोय. तिची फेरीबोट बंद पाडायला जन्मभर टपलेला बंदराचा साहेब दाराशी फरशी पुसतोय.

"माझी बोट?" ती विचारते.

"कुठली बोट?" मेकॅनिक म्हणतो. "तुम्ही जिन्यावरून पडलात. कालपासून बेशुद्ध होतात."

ती खिडकीबाहेर बघते. समुद्र नाही. गाड्या लावायचं मैदान. संगीत. नावं वर सरकू लागतात.

म्हणजे सगळं स्वप्न. वादळं, जळालेला धक्का, हरवलेला भाऊ, सगळं. 'शेवटची फेरी' ही मालिका अशी संपली आणि त्या संध्याकाळी शहरात किती रिमोट भिंतीवर आपटले, देव जाणे.

शेवट, घरातला

तोच भाग, तीच वेळ, सोफा. सोफ्याच्या उजव्या टोकाला सासरे, त्यांच्या डावीकडे सून. जागा ठरलेल्या, कारण सासऱ्यांचा उजवा कान कधीच कामातून गेला होता आणि डाव्याला फक्त जवळून, अगदी पाळीशी बोललेलं कळायचं. सगळी हयात बसच्या इंजिनाशेजारी बसून गेलेली. टीव्हीचा आवाज कितीही वाढवा, त्यांना नुसती गुरगुर ऐकू यायची. चित्र ते बघायचे, गोष्ट सून सांगायची.

"काय म्हणाली ती?"

सुनेने तोंड उघडलं. स्वप्न होतं, एवढे दोन शब्द सांगायचे होते. सासरे पुढे सरकून बसले होते, चहाचा कप तसाच हातात, चहावर साय धरलेली. तिच्या तोंडून ते दोन शब्द बाहेर पडेनात.

"म्हणाली, बोट वाचली का?"

"मग? वाचली?"

"वाचली, बाबा. आगीत थोडी काळवंडली, बाकी ठणठणीत."

"आणि हा कोट घालून का आलाय?"

"साहेबाच्या माणसांनी दवाखाना घेरलाय ना. डॉक्टरचं सोंग घेऊन आत घुसला."

"शाब्बास रे पठ्ठ्या! अगं पण साहेब तर इथेच आहे. फरशी पुसतोय."

तिने पडद्यावरच्या बादलीकडे बघितलं. "शिक्षा झाली. कोर्टाने सांगितलं, जिला त्रास दिलास तिची सेवा कर."

"असंच पाहिजे. कोपरा राहिला बघ त्याचा." मग सासऱ्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तो कोण? शेजारच्या खाटेवर?"

होता खरा एकजण. भिंतीकडे तोंड करून झोपलेला, निळी चादर, नुसता पाठमोरा. दवाखाना भरलेला दिसावा म्हणून आणून झोपवलेला असणार कोणीतरी.

"तो," सून म्हणाली, "तिचा भाऊ."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. रुमाल काढला. नाक शिंकरलं. "सापडला एकदाचा," म्हणाले.

मध्येच, सुरुवात

हे काम आधी सासूबाईंचं. त्या गेल्यावर सून सोफ्यावर त्यांच्या जागी बसली. पहिल्याच संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं, "आणि कप्तानिणीची जुळी बहीण कुठाय?"

मालिकेत जुळी बहीण नव्हती. कधीच नव्हती. पण नुकतंच माणूस गेलेलं, घर गप्प झालेलं. सुनेला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात गोंधळ झालाय. आपण कशाला वर काढायचं.

"परदेशी गेली, बाबा. फोन येतो तिचा."

"बरं झालं. जरा आगाऊच होती."

तिथून सुरू झालं. मेकॅनिकची आई वारली तेव्हा सुनेने तिला मावशीकडे पाठवलं. साहेब जिंकला त्या संध्याकाळी तो हरला. सासरे हसायचे, मांडीवर थाप मारायचे, जेवताना दोन घास जास्त खायचे. दिवसभर घरात त्यांच्याशी कोणी बोलायचं म्हणजे 'पाणी?', 'गोळी घेतली?' एवढंच. तो एक अर्धा तासच काय तो खरा गप्पांचा.

शेवट, लॉन्ड्रीतला

सून लॉन्ड्रीत काउंटरवर असते. कपडा घ्यायचा, डाग बघायचा, कॉलरला नंबर टाचायचा, मागे इस्त्रीवाल्याकडे सरकवायचा. त्या आठवड्यात लोक कपड्यांसोबत राग टाकून जात होते.

"ताई, हा कॉफीचा डाग. शेवट बघताना उडाला. त्या लेखकाकडून पैसे घ्या."

"सात वर्षं, वहिनी! माझा मुलगा रांगत होता तेव्हापासून बघतेय. आणि म्हणे जिन्यावरून पडली!"

"पडायचंच होतं तर पहिल्या भागात पडायचं ना. आम्ही सुटलो असतो."

"आणि तो एकडोळ्या कुत्रा? बोटीवर जन्म काढला बिचाऱ्याने. साधं नाव नाही काढलं!"

मागून वाफेतून इस्त्रीवाला ओरडला, "माझी बायको मोर्चाला गेलीये वाहिनीच्या ऑफिसवर. घरी स्वयंपाक मी करतोय. शेवट त्यांचा बिघडला, तोंडाची चव माझ्या घरच्यांची गेली."

सून हसली, नंबर टाचत राहिली. मग एक मुलगी ड्रेस न्यायला आली आणि पावती देता देता म्हणाली, "पण एक कळलं का? तो सलूनवाला सांगत होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणजे भाऊ आहे. कोणाच्या लक्षातच आलं नाही. मला तर पटलं बाई."

टाचणी सुनेच्या बोटात गेली.

शेवट, सलूनमधला (ऐकीव)

सलूनवाल्याने काय झालं ते तिला रस्त्यातच थांबवून सांगितलं.

"वहिनी, काकांना आवरा. सगळं दुकान शेवटाला शिव्या घालतंय आणि हे खुर्चीत बसून म्हणतात, फार सुंदर शेवट! गालाला साबण, समोर आरसा, आणि आरशातूनच सगळ्यांशी भांडले. भाऊ सापडला, साहेबाला शिक्षा झाली, तुम्हाला बघताच येत नाही म्हणाले. मी एका हातात वस्तरा धरून उभा. हलू नका म्हटलं तर आणखी हलतात."

"लोक हसले का त्यांना?"

"आधी हसले. मग एकजण म्हणाला, काका, परत सांगा."

ती घराकडे चालू लागली. आज ना उद्या कोणीतरी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून सांगणार: काका, असं काही नव्हतं हो, तुमची सून तुम्हाला बनवते. मग तो अर्धा तास गेला. परत तिच्या तोंडून आलेली कुठलीच गोष्ट ते खरी धरणार नाहीत, साधी गोळीची वेळसुद्धा.

शेवट, मशीनमधला

बोंब इतकी झाली की वाहिनीने रविवारी शेवटचा भाग पुन्हा दाखवायचं ठरवलं. नीट बघितलात तर आवडेल, असं दिग्दर्शकाचं म्हणणं.

आणि त्याच रविवारी नवरा कानाचं मशीन घेऊन आला.

"बाबांसाठी! बोनस मिळाला. आता तुझी सुटका. रोज घसा फोडायला नको."

"आजच आणायचं होतं?" ती म्हणाली.

"घ्या! चांगलं करायला जावं तर—"

तोवर सासऱ्यांनी मशीन कानात घातलंसुद्धा. घड्याळाकडे चमकून बघितलं. स्वतःची चप्पल फरशीवर घासून ऐकली. "अरे," मुलाला म्हणाले, "तुझा आवाज अजून बारीकच आहे की."

मालिका लागली. सून स्वयंपाकघरात जाऊन आधीच घासलेलं पातेलं घासू लागली. तिथून सगळं ऐकू येत होतं. माझी बोट? कुठली बोट? जिन्यावरून पडलात. संगीत.

"सूनबाई!"

ती हात पुसत आली. नवरा मोबाइल घेऊन गॅलरीत गेला होता. सासऱ्यांनी मशीन कानातून काढून तळहातावर धरलं होतं, मेलेली माशी धरावी तसं.

"हे परत द्यायला सांग त्याला. खोटं बोलतं. म्हणे स्वप्न होतं."

"बाबा..." ती म्हणाली. मग आठवलं, मशीन काढलंय. ती डावीकडे बसली, कानाशी वाकली. "बाबा, मशीन खरं बोलतंय. मीच—"

"माहितेय."

"कधीपासून?"

"सलूनवाला केस कापतो तेव्हा तोंड कुठे असतं त्याचं? कानाशीच. महिन्याची सगळी मालिका सांगून सोडतो. वर तेलाचे वेगळे पैसे." ते हसू लागले. "अगं, जुळी बहीण कोणी आणली होती? तुझ्या सासूने. मालिका रटाळ झाली की ती बहिणीला बोलवायची. तू काय करतेस बघावं म्हणून विचारलं. तू तिला परदेशी धाडलीस. तेव्हाच म्हटलं, घर चांगल्या हातात आहे."

सून हसायला लागली आणि डोळेही पुसायला लागली, दोन्ही एकदम, पातेल्याचा साबण गालाला.

"पण सलूनमध्ये भांडलात कशाला मग?"

"भांडणार नाही? शेवट चांगला होता. फक्त..." त्यांनी घसा साफ केला, चेहरा गंभीर केला. "एक तक्रार आहे. तुझ्या शेवटाबद्दल."

"माझ्या?"

"कुत्र्याचं काय झालं? सगळ्यांचं केलंस. भाऊ आणलास, साहेबाला फरशी दिलीस. एकडोळ्याला विसरलीस! असा शेवट असतो का? मी पण मोर्चा काढीन."

पडद्यावर नावं सरकत होती, मागे अजून दवाखान्याचं चित्र थांबलेलं होतं. सून डोळे बारीक करून बघत राहिली. खाट, निळी चादर, बादली. कुठेच काही नाही.

"नाही हो बाबा. कुत्र्याला जागाच नाही ठेवलेली त्यांनी."

"खाटेखाली बघ. भावाच्या."

"तिथे तर नुसता अंधार आहे."

"तुला ऐकू येतं ना," सासरे म्हणाले, "म्हणून दिसत नाही. नीट बघ. शेपूट हलतेय."

ती त्यांच्या खांद्याला टेकून पुढे वाकली.

"हो की," म्हणाली. "आणि बाबा, तोंडात काय धरलंय त्याने?"