आप्पासोंनी गाडीला केलेला आग्रह

परवा यवतेश्वरचा घाट उतरताना भाचा म्हणाला, "मामा, बघा, उतारावर गाडी आपोआप चार्ज होतेय." मी कौतुकानं मान हलवली. खरं तर मला शहाण्णव सालची लालासाहेबांची फियाट आठवत होती.

लालासाहेब गोडोलीतले माझे शेजारी. लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन आले आणि जुन्या फियाटचं इंजिन काढून त्यांनी मोटर आणि बॅटऱ्या बसवल्या. पेडलवरचा पाय उचलला की उलट चाकंच मोटर फिरवायची. मोटरचा डायनामो व्हायचा, वीज बॅटरीत परत जायची आणि त्या ओझ्यानं गाडी मंदावायची. त्यांच्या बायकोला, शालूबाईंना, मात्र एवढंच दिसे, की गोठ्यातली म्हशीची जागा अडलीय. त्यांनी अट घातली, "यवतेश्वरला माझ्या भावाकडं न्या, धक्का न मारता परत आणा. न्हाईतर भंगारात घाला." साक्षीला मला घेतलं, माझ्यावर दोघांचाही सारखाच अविश्वास होता.

तिघं चढून गेलो, मुक्काम झाला. शालूबाईंचे बंधू आप्पासो असे वाढत, की ताटावर दोन्ही हात आडवे धरल्याशिवाय सुटका नसे. सकाळी म्हणाले, "दाजी, गाडीबी उपाशी ठिवली न्हाई. रातभर लायटीला लावलीया. टम्म!"

दाजी खूश होऊन निघाले. उतारावर पाय उचलला, तर गाडी मंदावेचना. साधा ब्रेक दाबून दाबून कशीबशी कठड्याशी थांबवली. जळका वास सुटला.

"आवं, झालं काय?"

"तुझ्या भावानं गळ्यापातुर भरलीया! आत जागा न्हाई, वीज जाणार कुटं? म्या बसवलेल्या कटआउटनं तोडली. मोटर नुसती मोकळी फिरतीया."

बिचारीला ताटावर धरायला हात नव्हते.

"मग आता धक्का?"

"धक्का न्हाई. माघारी वर!"

भर उन्हात दिवे, वायपर, हॉर्न, सगळं चालू करून आम्ही चढलो. आप्पासो दारात. "काय इसरलं, दाजी?"

"भूक!"

वरच्या चढावर फेऱ्या मारून बॅटरीचा काटा खाली आणला. परतलो तर आप्पासो वायर घेऊन उभेच. शालूबाईंनी त्यांच्या हातावर चापटी मारली. "खबरदार! लय झाला पाहुणचार."

मग गाडी शहाण्या म्हशीसारखी उतरली. काटा वर सरकत होता आणि लालासाहेब चोरून बायकोकडं बघत होते.

घरी पोचल्यावर दारात मी म्हणालो, "धक्का न्हाई लागला."

"तुमास्नी कुणी इचारलं?" म्हणत शालूबाई उतरल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "म्हशीला घराच्या मागच्या अंगाला पत्रा टाका."