चार कोपऱ्यांच्या हाका

आबांना जाऊन सोळा दिवस झाले होते. कमला आमच्या नागरवाड्यातल्या घरी आली, पण आत आली नाही. उंबऱ्याशी बसली आणि गुजरातीत म्हणाली, "बेन, एणे बूम पाडी'ती?" त्यानं हाक मारली होती का, एवढंच तिला हवं होतं.

तो म्हणजे भूपत, तिचा नवरा. वाघोडियाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून तांब्याची तार चोरल्याचा त्याच्यावर आळ होता आणि खटला सुरू व्हायची वाट बघत तो तालुक्याच्या सबजेलमध्ये होता. त्याला दमा होता. एका पहाटे तो बराकीत मेलेला आढळला. पहाऱ्यावर आबा, म्हणजे माझे वडील जयवंतराव, होते. नोंदवहीत त्या रात्री चार शिपायांच्या सह्या होत्या. चार जागे शिपाई चार कोपऱ्यांत असताना कोणाला काही ऐकू आलं नाही, तेव्हा कैदी झोपेतच गेला असणार, असं चौकशीत धरून चाललं होतं.

मी तिला म्हटलं, "सांगेन. पण जिथं लिहून घेतील तिथं सांगेन."

आई आतून ऐकत होती. कमला गेल्यावर म्हणाली, "गेलेल्या माणसाला आता खोटारडा ठरवणार तू?"

 

ब्याण्णव साली भरती थांबली. सबजेलच्या चार शिपायांपैकी धनाजीरावांना जेलच्या साहेबांनी आपल्या बंगल्यावर घेतलं. मानसिंगराव जिल्ह्याच्या कचेरीत जीप चालवायला गेले. रणछोडभाई दिवसभर कैद्यांना कोर्टात नेऊन आणत, म्हणून रात्री घरी झोपत. एका पगारात दोन कामं होत होती आणि वर त्याचं कौतुक होत होतं. पहाऱ्याला उरले आबा. दर तासाला प्रत्येक कोपऱ्यातून हाक यायला हवी, असा नियम होता: "एक नंबर! ताला, जंगला, बत्ती, सब सलामत!" म्हणजे कुलूप, गज, दिवा, सगळं ठीक. भिंतीपलीकडे मामलतदारांचं क्वार्टर होतं, तिथं हाका ऐकू जात. जेलचे साहेब आबांना म्हणाले, "हाका चार आल्या पाहिजेत. कशा, ते तुम्ही बघा."

आबांनी बघितलं. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात धावत जाऊन ते प्रत्येक ठिकाणी वेगळ्या आवाजात हाक देऊ लागले. धनाजीरावांचा नाकातला, मानसिंगरावांचा बसका, रणछोडभाईंचा शेवटी उंच जाणारा. जेवताना ते आम्हांला हे आवाज काढून दाखवत. मी हसत हसत तिन्ही शिकले. धनाजीराव एकदा घरी आले तेव्हा आईला म्हणाले, "वहिनी, मी साहेबांकडे पापडी निवडतोय आणि तिकडं माझा आवाज पहारा देतोय! मेल्यावरसुद्धा पेन्शनीत जाऊ देणार नाही हा मला." अकरा वर्षं हे चाललं.

दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, आबांनी मला सांगितलं. त्या रात्री भूपतनं गजांवर थाळी आपटली होती. हाकेची वेळ झाली होती. "हाक चुकली तर सकाळी विचारतात," ते म्हणाले. "थाळी वाजली तर कोण विचारतं? आधी चार हाका दिल्या. मग गेलो. सात मिनिटं गेली. तोवर तो संपला होता."



चौकशी भर दुपारी, पंख्याखाली झाली. मामलतदारांनी प्रामाणिकपणे सांगितलं की वर्षानुवर्षं ते चार वेगवेगळे आवाज ऐकत आलेत, त्या रात्रीही ऐकले. मी म्हटलं, ते आवाज मी काढून दाखवते. चौकशी अधिकारी माझ्याकडे बघत राहिले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते; मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. मी दाराबाहेर गेले आणि हाका दिल्या. एक. दोन. तीन. परत आत आले तेव्हा मामलतदार मान खाली घालून बसले होते. मग मी थाळीचं सांगितलं, सात मिनिटांचंही.

"आणि चौथा?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

चौथा आबांचा स्वतःचा होता. तो त्यांनी घरी कधी काढून दाखवला नव्हता. मला तो येत नव्हता.

चार महिन्यांनी निकाल आला. कमलाला वाचता येत नाही, म्हणून नक्कल घेऊन ती माझ्याकडे आली. या वेळी आत येऊन बसली. मी वाचून दाखवलं. मयत शिपाई जयवंतराव यांनी स्वतःच्या मर्जीनं खोट्या हाका देऊन वरिष्ठांची दिशाभूल केली. थाळी वाजल्याची हकीकत ऐकीव असल्यानं विचारात घेतली नाही. शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही: एकाच शिपायानं अकरा वर्षं चारही ठिकाणांचा पहारा तक्रारीविना सांभाळल्याचं सिद्ध झालं असल्यामुळे, उरलेल्या तीन जागा अनावश्यक समजून रद्द कराव्यात.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "झालं तुझं समाधान?" ती म्हणाली, पण तिच्या आवाजात राग उरला नव्हता.

कमलानं कागदाची घडी केली. तीन जागांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "म्हणजे त्यानं बोलावलं होतं," ती म्हणाली.

"हो. थाळी वाजवून. हाक मारायला दम नसेल."

"बेन, सात मिनिटं म्हणजे केवढी?"

मी कपाटातून आबांचं मनगटी घड्याळ काढलं. हाकांची वेळ ते त्याच्यावरच बघत. मी किल्ली दिली आणि सेकंदकाटा बारावर आला तेव्हा म्हटलं, "आता."

आम्ही दोघी त्या काट्याकडे बघत बसलो. आई येऊन कमलाच्या शेजारी बसली. तिसऱ्या मिनिटाला कमलानं पदर तोंडाशी धरला. पाचव्याला ती म्हणाली, "बस, बेन. समजलं."

मी घड्याळ खाली ठेवलं नाही. अजून दोन मिनिटं व्हायची होती.