सात वजा सात

“पिस्तुलापुढे सगळी माणसं समान असतात,” प्रफुल्लने नियमांच्या इंग्रजी पुस्तकातलं वाक्य मराठी करून गंभीरपणे वाचलं आणि पान उलटलं. पुढच्या पानावर कोणी किती गोळ्या लागल्यावर मरायचं याचा तक्ता होता. शिपाई एका गोळीत. नायक सात-आठ गोळ्यांत.

“विम्यापेक्षा बरं आहे,” गौरव म्हणाला. तो विमा एजंट होता. “आमच्यात नायकाले बी एकच क्लेम.”

रोशनने दोन्ही हातांनी डावा पाय उचलून स्टुलावर ठेवला. तो आपला आपण वर येत नसे.

अकरा महिन्यांनी ते रोशनच्या सौंसरच्या घरी खेळायला बसले होते. टेबलाभोवती बसून एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापल्या पात्राने काय केलं ते सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं, असा हा खेळ. चाळिशी उलटलेल्या तीन गृहस्थांनी रविवारची दुपार अशी घालवावी याला सौंसरात रिकामे धंदे म्हणत, आणि गेल्या दसऱ्यापर्यंत त्यात कोणाचं काही बिघडलेलं नव्हतं.

दसऱ्याला पांढुर्ण्याला प्रफुल्लच्या घरी त्याच्या वडिलांचं, यशवंतरावांचं, लायसनचं पिस्तूल पूजेला काढलं होतं. हळद-कुंकू झालं, झेंडूचं फूल झालं, यशवंतराव जेवून झोपले. मग प्रफुल्ल आणि रोशनने पुस्तक खरं की पिस्तूल, याची तपासणी सुरू केली. पुस्तकात मॅगझिन बदलायला सहा सेकंद लागतात. प्रफुल्लला एकोणीस लागले. मग त्यांनी मॅगझिन काढून त्यातल्या गोळ्या आपट्याच्या पानांवर मांडल्या. रोशनने कागदावर लिहिलं, सात वजा सात, शून्य. पुस्तकातलं पिस्तूल तेवढ्याने रिकामं होतं. खऱ्यात मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत चढलेली असू शकते. शेजारी चोरी झाल्यापासून यशवंतराव ती तशी चढवून ठेवत, आणि विचारल्याशिवाय काही सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

ती आठवी गोळी रोशनच्या मांडीतून गेली. खेळात गोळीची जखम दोन फाशांवर मोजतात आणि रात्रभर झोप काढली की ती भरून येते. रोशनची तीन ऑपरेशनं नागपूरला झाली. हाड जुळलं, पाय लुळा राहिला. त्याचं मेडिकलचं दुकान आता त्याची बायको मृणाल चालवत होती.

प्रफुल्ल सरकारी शाळेत गणिताचा मास्तर, सध्या निलंबित. शिक्षा झाली की नोकरी संपली. उद्या पांढुर्ण्याच्या कोर्टात त्याच्याविरुद्ध रोशनची गवाही होती. ‘प्रफुल्लने माझ्यावर पिस्तूल धरलं आणि चालवलं,’ असं त्याचं दवाखान्यात घेतलेलं बयान होतं आणि त्यातला शब्द न शब्द खरा होता. वकिलाने प्रफुल्लला गवाहाच्या सावलीलाही उभं राहायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण बोलावणं रोशनचंच आलं होतं.

“कुठं थांबलो होतो आपण?” रोशनने विचारलं.

“गोदामात. तुझ्यासमोर पहारेकरी आहे. त्याच्या पिस्तुलाचं मॅगझिन खाली पडलं.”

“म्हणजे रिकामं झालं.”

प्रफुल्लने पुस्तक त्याच्याकडे फिरवलं. तक्त्याखाली पेन्सिलने, फळ्यावरच्यासारख्या सुबक अक्षरात, एक ओळ होती: मॅगझिन काढल्यावरही एक गोळी आत आहे असे धरावे.

“नवा नियम,” तो म्हणाला. “मी टाकला.”

“उशिरा टाकला बे,” गौरव म्हणाला आणि लगेच चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागला.

मृणाल चहा घेऊन आली. दोन कप तिने दोघांच्या हातात दिले. प्रफुल्लचा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला.

“उद्या कोर्टात अकराची पेशी आहे,” ती रोशनला म्हणाली. “जे बयानात आहे तेच सांगान ना? का आता दोस्ती आडवी येऊन राहिली?”

“वहिनी, मी काही त्याच्यासाठी...” प्रफुल्ल म्हणाला.

“तुमच्याशी नाही बोलून राहिली मी, भाऊजी.”

रोशनने फासा उचलला, मुठीत धरला, टाकला नाही.

“एक गोष्ट बयानात नाही,” तो म्हणाला.

प्रफुल्लने नको अशी मान हलवली. अगदी थोडी, चालू परीक्षेत मागे वळून पाहणाऱ्या हुशार मुलाकडे पाहून हलवतात तशी.

“मीच म्हटलं होतं त्याले, माझ्यावर धर. मी मोजल्या, रिकामं आहे, चालव. तो नाही म्हणे. मी दोनदा म्हटलं. मग भित्रा म्हटलं.”

“मी तं जिलेबी आणाले गेलो होतो,” गौरवने सांगितलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मृणालने रिकामा ट्रे छातीशी धरला. बराच वेळ ती नवऱ्याच्या पायाकडे पाहत राहिली. मग तिने प्रफुल्लला अकरा महिन्यांतला पहिला प्रश्न विचारला.

“वकिलाले सांगितलं तुम्ही?”

“नाही.”

“काऊन नाही सांगितलं?”

“रोशन तेव्हा आयसीयूत होता, वहिनी. त्याच्यावर कसं ढकलू? मग राहूनच गेलं.”

“जामसांवलीले मारुतीच्या दर्शनाच्या रांगेत मीना दिसली होती मले,” मृणाल म्हणाली. मीना म्हणजे प्रफुल्लची बायको. “लेकरू होतं कडेवर. तिनं वाकून नमस्कार केला. मी तिच्या पायाशी थुंकली.”

तिने प्रफुल्लचा कप उचलला.

“थंडा झाला. दुसरा आणते.”

आत गॅस पेटल्याचा आवाज झाला. नंतर दूध उतू गेल्याचा वास आला, जळाल्याचा आला, तरी ती बाहेर आली नाही आणि तिघांपैकी कोणी उठलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मृणालने दुकान बंद ठेवलं. गौरवच्या गाडीत रोशन पुढे, पाय लांब करून बसला. ती मागे खिडकीकडे तोंड करून. पांढुर्णा येईपर्यंत तिने फक्त एकदा, काच वर करा, एवढं म्हटलं. कोर्टाच्या व्हरांड्यात प्रफुल्ल आणि मीना आधीच येऊन उभे होते. मृणाल मीनापासून चार हातांवर जाऊन थांबली. रोशनने खिशातून कागद काढला. काय सांगायचं ते त्याने रात्री लिहून काढलं होतं. तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

सव्वाअकराला कोर्टातल्या बाबूने बाहेर येऊन सांगितलं की जजसाहेब रजेवर आहेत. पुढची पेशी सतरा फेब्रुवारीला.