न तुटलेलं पाणी

निकेलच्या टाकीवर नत्थूजी वाकले आणि कारखान्यातली सगळी माणसं त्यांच्या नाकाकडे पाहत राहिली.

माणसं म्हणजे चारच. धोतराचा सोगा हातात धरून उभे असलेले मालक मार्तंडराव. टाकीचं पाणी तपासायच्या कागदांची गुंडाळी मुठीत आवळलेली त्यांची पुतणी चारुलता. माल घासून चमकवायच्या बफिंगच्या काळ्या भुकटीनं तोंड माखलेला देवाजी. आणि सीताबर्डीचे सायकलवाले ओमप्रकाश. ओमप्रकाशांनी परत आणलेली साठ हँडलं दाराशी पोत्यात पडली होती. कुठलंही हँडल उचला आणि नख लावा, निकेलचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघत होता. दसरा होऊन पाच दिवस झाले होते आणि दिवाळीचा सगळा माल असाच सोलला जात होता.

"पाहा गा नत्थू," मार्तंडराव म्हणाले. "हिचे कागद काही सांगत नाहीत. आता तुझं नाकच काय ते सांगेल."

नत्थूजींनी छाती भरून श्वास घेतला. वीतभर खाली हिरवं पाणी वाफाळत होतं. वास आला नाही. येणार कुठून? तो बारा वर्षांपासून येत नव्हता, आणि हे त्यांची बायको देवकी सोडली तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

या नाकाचा मोठा बोलबाला होता. सक्करदऱ्याच्या तलावामागे पत्र्याच्या शेडमध्ये मार्तंडरावांनी मुलामा चढवायचा कारखाना काढला, तेव्हापासून म्हणजे सव्वीस वर्षं नत्थूजी टाकीवर होते. सुरुवातीला ते खरंच वासावरून सांगत. आम्ल चढलं, चकाकीसाठी घालायचा सरस जास्त पडला, कुणीतरी हात न धुता माल उचलला, हे सगळं त्यांना टाकीशी उभं राहून कळायचं. मार्तंडराव येईल त्या गिऱ्हाइकाला हे नाक दाखवत. बाप लोकांना पोराच्या मार्कांचं कौतुक असतं ना, अगदी तसं.

पण निकेलच्या टाकीला लागूनच क्रोमची टाकी होती. ती पिवळट वाफ सोडायची, आणि नत्थूजींचं स्टूल बरोबर दोहोंच्या मध्ये. आधी नाकात खपल्या धरू लागल्या, मग रक्त येऊ लागलं. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरनं बॅटरी लावून पाहिलं आणि सांगितलं, की दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडलंय, हे काम सोडा. सोडा म्हणे! सोडून करायचं काय? एक दिवस चुलीवर दूध करपून घरभर धूर झाला आणि नत्थूजी त्याच चुलीपाशी शांतपणे बिडी ओढत बसले होते, तेव्हा देवकीला कळलं. तिनं पातेलं उतरवलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुढे कधी विषय काढला नाही.

तेव्हापासून नत्थूजी नाक नुसतं वाकवायचे. खरं काम डोळ्यांनी चालायचं. फेस कसा बसतो, बुडबुडे कुठं अडतात, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मालावरून पाणी कसं उतरतं. स्वच्छ लोखंड पाण्यातून काढलं की पाणी त्यावर एकसंध पसरून राहतं, कुठं तुटत नाही. तेलाचं बोट जरी लागलेलं असलं, तरी तिथं पाणी फाटतं, त्याचे मणी होतात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नाक गेल्यावर डोळे शिकले.

आणि दुसरं भांडवल म्हणजे उजवा हात. टाकीवर आडवी पितळी दांडी, तिला तारांनी टांगलेला माल. पाणी निवांत राहिलं की मालावर बुडबुडे चिकटतात आणि बुडबुड्याखाली मुलामा चढत नाही, सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. म्हणून दांडी हलवत ठेवायची. पुढे, मागे, पुढे, मागे. एका खेपेला चाळीस मिनिटं, आणि दिवसाला अशा दहा-बारा खेपा. झोपेतसुद्धा त्यांचा हात गोधडीवर पुढे-मागे जायचा. मग देवकी त्यावर आपला हात ठेवायची, की थांबायचा.

अशा या बसलेल्या घडीत चारुलता आली. केमिकल टेक्नॉलॉजी झालेली, बोलायला मऊ आणि हट्टाला पक्की. तिच्या वडिलांना तिचं लग्न उरकायचं होतं. तिनं काकांच्या गळी पडून दिवाळीपर्यंतची मुदत मिळवली. तेवढ्यात कारखान्याचं काम दुप्पट वेगानं करून दाखवीन, नाही जमलं तर मुकाट्यानं पाटावर बसेन, असा करार. तिनं आल्या आल्या थर्मामीटर टांगला, टाकीच्या पाण्यात काय किती घालायचं ते प्रमाण बदललं, आणि एका लोहाराकडून भट्टीचा जुना ब्लोअर आणला. त्याची नळी टाकीच्या तळाशी सोडली, नळीला भोकं पाडली. बटण दाबलं की खालून हवा उसळायची आणि सगळं पाणी ढवळून निघायचं. आता दांडी हलवायची गरज नाही, आणि पाणी ढवळलेलं राहिलं म्हणजे करंटही वाढवता येतो, कडा जळत नाहीत. चाळीस मिनिटांचं काम अठरा मिनिटांत, आणि माल असा की तोंड पाहायला आरसा नको.

 चार दिवस नत्थूजी चारुलतेशी बोलले नाहीत. ब्लोअरला मात्र "फुंकणी" म्हणून येता-जाता टोमणे मारत. देवाजीजवळ म्हणाले, की आपल्याले आता घरी बसून माश्या मारायच्या. पण पाचव्या दिवशी जेवताना पाण्याचा तांब्या उचलला आणि त्यांच्या ध्यानात आलं, खांदा दुखत नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून फुंकणीला टोमणे मारणं थांबलं, आणि संध्याकाळी निघताना ते तिच्यावर फडकं टाकू लागले.

मग खंडेनवमी आली. आदल्या संध्याकाळी सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, तेलपाणी करायचं, आणि नवमीला हळदीकुंकू, झेंडूची माळ लावून त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही, ही कारखान्याची रीत. चारुलता घरी गेली होती. नत्थूजींनी यंदा पहिला मान फुंकणीला दिला. दर वर्षी बफच्या मोटरीला, पक्कड-सांडशीला लावत तसं घरून वाटीत आणलेलं गोडं तेल तिच्या आसाला घातलं. मग नवीन माणूस घरात आला की आपण हात आखडता घेतो का, म्हणून ओंजळभर तेल तिच्या तोंडातही सोडलं. या ब्लोअरला तेलाचा थेंबही चालत नाही, तो सगळा सोड्यानं धुऊन मगच बसवलाय, हे चारुलतेनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. तिला वाटलं, यात काय सांगायचं. त्यांना वाटलं, यात काय विचारायचं.

आणि आता पाचव्या दिवशी सगळे त्यांच्या नाकाकडे पाहत होते.

नत्थूजींनी सवयीनं टाकीतलं एक हँडल बाहेर काढलं, साध्या पाण्यात बुचकळलं आणि दाराच्या उजेडात धरलं. पाणी उतरू लागलं. मधोमध फाटलं, दोन्हीकडे सरकलं, मणी झाले.

तेल. टाकीत तेल आहे. पण टाकीत तेल येईल कुठून, असा प्रश्न मनात येतो न येतो तोच त्यांची नजर कोपऱ्यातल्या फुंकणीवर गेली. तिच्या कपाळावरचं कुंकू अजून तसंच होतं.

"काही सांगाल की नाही?" ओमप्रकाशांनी घड्याळ पाहिलं.

"जेवून येतो आन सांगतो," नत्थूजी म्हणाले.

मार्तंडराव वैतागले. त्यांनी पुतणीला तिथल्या तिथे सुनावलं, की हे सगळं त्या ब्लोअरच्या पायी झालंय, सव्वीस वर्षं हातानं काम झालं तेव्हा एक हँडल परत आलं नाही. उद्या सकाळी तो काढून भंगारात टाका, नत्थू दांडी धरील, आणि चारू, तू घरची वाट धर.  चारुलतेनं कागदांची गुंडाळी टेबलावर ठेवली आणि गुंडाळीचं सुटलेलं टोक नीट आत दुमडत राहिली.

घर दहा मिनिटांवर. देवकीनं भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. नत्थूजींचा घास तोंडाशी जाईना. मग त्यांनी सगळं सांगितलं. तेलाचं, पोरीचं, भंगाराचं. बोललो नाही तर फुंकणी जाते, दांडी परत आपल्या हाती येते, पाच-सात वर्षं आरामात निघतात. बोललो तर मालक म्हणणार, की नत्थूला ती मशीन नकोच होती, यानं मुद्दाम केलं. शिवाय नाकाचं विचारतील. मग कोण ठेवतो?

देवकीनं तवा खाली उतरवला. तिला घाबरल्यासारखं झालं होतं आणि तिनं ते लपवलं नाही.

"त्या पोरीनं तुमचं काय वाकडं केलं?" तिनं विचारलं.

"काईच नाई वं. उलटा खांदा मोकळा केला."

"मंग तुमच्या हातानं झालं, तं तुमच्याच तोंडानं सांगा. पुढचं पुढं पाहू. मी हाव ना."

नत्थूजींनी उरलेली भाकर खाल्ली, हात धुतले आणि निघाले.

ओमप्रकाश गेले होते. मार्तंडराव खुर्चीवर बसून कागदानं वारा घेत होते, चारुलता आपला थर्मामीटर पुसून डब्यात ठेवत होती. नत्थूजी दारातच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"टाकीत तेल हाय, मालक. मी टाकलं. नवमीच्या तेलपाण्याले फुंकणीच्या तोंडात घातलं, ते हवेबरोबर आत गेलं. ताईचं काई चुकलं नाई."

मार्तंडरावांच्या हातातला कागद थांबला. "मुद्दाम टाकलंस?"

सव्वीस वर्षांच्या ओळखीत हा एक शब्द नत्थूजींना फार लागला. ते अगदी हळू म्हणाले, "मुद्दाम करायचं असतं, तं तिले कुंकू काहून लावलं असतं?"

कोपऱ्यात फुंकणी होती, तिच्यावर कुंकू होतं, वाळलेली झेंडूची माळ होती. तिघांनीही तिकडे पाहिलं.

"आन दुसरं एक सांगाचं राहिलं," नत्थूजी म्हणाले. आता सुरुवात केलीच होती. "मले वास येत नाई. बारा वर्स झाले. क्रोमनं खाल्ला. मी नुसता वाकत होतो. जे सांगत होतो, ते पाणी पाहून."

मार्तंडराव उठले. त्यांनी क्रोमच्या टाकीकडे पाहिलं, तिच्याशेजारच्या स्टुलाकडे पाहिलं, आणि ते बाहेर निघून गेले. चिडले होते की शरमले होते, ते नत्थूजींना कळलं नाही. कदाचित त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

चारुलतेनं डब्यातला थर्मामीटर परत बाहेर काढला. "पाणी पाहून म्हणजे कसं, नत्थूजी? मला दाखवा."

त्यांनी दाखवलं. एक घाण पत्रा, एक धुतलेला पत्रा, दोन्ही पाण्यातून काढून उजेडात धरले. ती दोन मिनिटं टक लावून पाहत राहिली. मग तिनं वही काढली, आणि नत्थूजींना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावून शब्दन् शब्द लिहून घेतला. पाच दिवस कागद भिजवत बसले, घोडं कुठं पेंड खातंय ते या पत्र्यानं एका मिनिटात सांगितलं असतं, असं ती स्वतःशीच पुटपुटली. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

पुढचे दोन दिवस टाकी धुण्यात गेले. ब्लोअर भंगारात टाकायची गोष्ट मालकांनी पुन्हा काढली नाही. ब्लोअर उघडून सोड्यानं धुतला. पाणी तापवून त्यात कोळशाची बारीक भुकटी टाकली, ती तेल धरून बसते. पण ती तासन्‌तास ढवळावी लागते आणि नळी तर बाहेर काढलेली. नत्थूजींनी बांबू घेतला. पुढे, मागे, पुढे, मागे. देवाजी म्हणाला, द्या इकडे, दमले असाल. त्यांनी दिला नाही. हे आपल्या हाताचं शेवटचं काम आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग पाणी निवू दिलं, जाड कापडाच्या चार पदरांतून गाळलं आणि नळी परत तळाशी सोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले तर स्टूल जागेवर नव्हतं. दोन टाक्यांच्या मधला त्याचा चौकोन तेवढा जमिनीवर स्वच्छ दिसत होता. आवरलं आपलं, असं मनाशी म्हणत ते पिशवी घ्यायला वळले, तर मार्तंडराव दारात उभे. स्टूल त्यांनी स्वतः उचलून उंबऱ्याशी, बाहेरच्या हवेत ठेवलं होतं. वर खिळ्याला एक कोरा पत्रा टांगला होता.

"इथं बसत जा," मार्तंडराव दुसरीकडे पाहत म्हणाले. "उजेड चांगला आहे."

चारुलतेनं पत्रा टाकीतून काढून, पाण्यात बुचकळून त्यांच्या हाती दिला. "पाहा नत्थूजी. तुम्ही म्हणाल तर बटण दाबते."

त्यांनी पत्रा उन्हाकडे धरला. पाणी वरपासून खालपर्यंत एकसंध उतरलं. कुठं फाटलं नाही. त्यांनी पुन्हा बुडवला, पुन्हा धरला, उगीच घाई केली नाही.

"दाबा ताई," ते म्हणाले.

फुंकणी घुमू लागली. हिरवं पाणी तळापासून उसळलं, दांडीला टांगलेली हँडलं आपसूक डोलू लागली. नत्थूजी उंबऱ्याशी स्टुलावर बसले. सकाळच्या हवेत बाहेर तलावावरून वारा येत होता. त्याला कसला वास होता ते त्यांना ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळानं चारुलतेचं लक्ष गेलं. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर पडला होता, आणि आपला आपणच पुढे, मागे, पुढे, मागे जात होता. तिनं पाहिलं आणि वहीत मान घातली.