भुऱ्याची राखण

ठमाबाईच्या कोंबड्यांवर मुंगसाचा डोळा, रानमांजराचा डोळा आणि खरं सांगायचं तर शेजाऱ्यांचाही डोळा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कशेडी घाटातल्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येतील अशा वाडीत तिचं घर. नवरा गेलेला, मुलगा प्रवीण मुंबईला, आणि ही बाई गावठी कोंबड्यांच्या जिवावर ताठ मानेनं एकटी. भुऱ्या कुत्र्याला तिनं लहानपणीच कोंबडीच्या पिलांत सोडला. पिलांमागे धावला की नाकावर टिचकी, गप बसला की भाकरीचा तुकडा. पुढं पुढं कोंबड्या त्याच्या पाठीला टेकून ऊन खाऊ लागल्या.

पण तेवढ्यावर भागेल ती ठमाबाई कसली? आपल्याशिवाय दुसऱ्या कुणी कोंबडीला हात लावला की धरायचं, हेही तिनं त्याला शिकवलं. शेजारच्या दत्तारामची पँट एकदा फाटली, तेव्हा तिनं चारचौघांत कुत्र्याला शिव्या घातल्या आणि मागल्या दारी सुकट-भाकरी. बिबट्याचा वास आला तर मात्र भुऱ्या अंगावर जायचा नाही. पळत येऊन दार खरवडायचा, मग ही पत्र्याचा डबा बडवत बाहेर यायची. दोघांचं असं छान चाललेलं.

गौरीच्या सणाला प्रवीण आणि सून रेश्मा आले. गौरीला तिखटाचा नैवेद्य, म्हणजे कोंबडा हवाच. ठमाबाईचे हात वाटणानं भरलेले. चुलीपासूनच ती म्हणाली, "रेश्मा, तो तांबडा कोंबडा धर गो जरा." कुत्र्याला आपण काय शिकवलंय, ते त्या घाईत तिच्या ध्यानातच आलं नाही. रेश्मानं कोंबडा उचलला, तो केकाटला आणि भुऱ्यानं तिची पोटरी धरली.

दवाखान्यात इंजेक्शन झालं. कुत्रा काही दिवस बांधून ठेवा, पिसाळतोय का ते बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचंही बरोबरच होतं. प्रवीण येतानाच साखळी घेऊन आला.

"अरे, पिसाळलेला नाय तो. मी शिकवलं तसाच वागला," ठमाबाई म्हणाली.

"डॉक्टरनी सांगितलंय, आई. बांधायलाच पायजे."

"मग ओटीवर बांधते."

"घरात नको. रेश्मा घाबरलीय."

ठमाबाईनं पडतं घेतलं. वर्षाच्या सणाला आलेलं माणूस रुसून जायला नको. तिनं भुऱ्याला खुराड्याजवळच्या फणसाला बांधला.

रात्री तो फार भुंकला. ती उठून बसली, तेवढ्यात प्रवीण म्हणाला, "बांधलाय म्हणून ओरडतोय. झोप गो आई, होईल सवय." सुनेची आधीच झोप उडालेली. ठमाबाई परत आडवी झाली. मग भुंकणं थांबलं आणि तिला बरं वाटलं. या बरं वाटण्याचीच तिला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली.

सकाळी फणसाखाली नुसती साखळी पडलेली, रक्त, आणि चिखलात बिबट्याच्या पंजांचे ठसे. खुराड्याला ओरखडाही नव्हता.

"कोंबड्या तरी वाचल्या," दत्ताराम म्हणाला. मग तो निघून गेला. सगळ्या कोंबड्या गेल्या असत्या तरी चाललं असतं, असं ठमाबाईला वाटलं. मोकळा असता तर त्यानं दार खरवडलं असतं. भुंकला तोही तिलाच बोलवायला, आणि ती कूस बदलून झोपली होती.

रेश्मा लंगडत दारापर्यंत आली आणि तिथंच रडायला लागली. प्रवीण खाली मान घालून उभा होता. मग म्हणाला, "आई, दवाखान्यात कुत्र्याचं विचारतील. काय सांगू?"

ठमाबाईनं साखळी उचलून मांडीवर घेतली.

"सांग, कुत्रा पिसाळलेला नव्हता," ती म्हणाली. "बांधायला हाक मारली, तर आपणहून मान पुढं केली त्यानं."